फोटो-संग्रहालयाचं पुस्तक कसं वाचायचं : आधी फोटोओळ, मग फोटो

फोटोग्राफीच्या संग्रहालयाचं जाडजूड पुस्तक घरी आलं की बहुतेक जण ते मांडीवर घेऊन भराभर पलटतात. सुट्टीच्या दोन दुपारींत पुस्तक संपतं. महिन्याभराने विचारावं, "काय पाहिलंत?" तर उत्तर येतं, "तो एक कामगार होता ना, मोठा पाना घेतलेला..." फोटो कोणाचा, केवढा, कशावर छापलेला, संग्रहालयात कसा पोहोचला, यातलं काहीच सांगता येत नाही. मीही पहिलं पुस्तक असंच वाचलं. नंतर एका अभ्यासगटात त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखी चार वाक्यंसुद्धा नव्हती.

चूक होते ती क्रमात. आपण आधी चित्र बघतो आणि खालची बारीक अक्षरं सोडून देतो. संग्रह मात्र त्या बारीक अक्षरांत असतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. उदाहरणासाठी मी एकच संग्रहालय घेतलं आहे : न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातलं जॉर्ज ईस्टमन म्युझियम. त्याच्या संग्रहावरचं ताशेन प्रकाशनाचं 'अ हिस्टरी ऑफ फोटोग्राफी : फ्रॉम १८३९ टू द प्रेझेंट' हे पुस्तक आपल्याकडेही अनेकांच्या कपाटात असतं. तुमच्याकडे दुसऱ्या संग्रहालयाचं पुस्तक असेल तरी रीत हीच.

तयारी : बसण्याआधी काय हवं

सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली फूटपट्टी. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळवाले वापरतात तसलं चालेल. वही आणि पेन्सिल. पेन नको, पुस्तकावर शाई उमटली की जात नाही. वर्तमानपत्राचे चार-पाच मोठे कागद आणि कात्री. त्यांचं काम तिसऱ्या टप्प्यात आहे.

उजेडाकडे लक्ष द्या. पिवळ्या बल्बखाली जुन्या फोटोंचा तपकिरी रंग आणखी तपकिरी दिसतो आणि राखाडी छटा मरतात. दिवसा खिडकीशी बसा, पण ऊन थेट पानावर येऊ देऊ नका. जाड पुस्तक मांडीवर नको, टेबलावर ठेवा. दोन्ही पुठ्ठ्यांखाली दुमडलेला टॉवेल सरकवला की कण्यावर ताण येत नाही.

आणखी एक गोष्ट आणून ठेवा : घरातला जुना फोटो. पणजोबांचा असेल तर उत्तम, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि खाली स्टुडिओचं नाव छापलेला. तो का, ते पुढे येईलच.

टप्पा १ : पुस्तकाची ओळख पटवा

फोटोंकडे वळण्याआधी सुरुवातीचं छपाईचं पान वाचा. प्रकाशनाचं साल, आवृत्ती आणि संग्रहालयाचं नाव वहीत उतरवा. नाव महत्त्वाचं, कारण संस्था नाव बदलतात. रॉचेस्टरची ही संस्था १९४९ मध्ये लोकांसाठी उघडली. पुढे अनेक वर्षं ती जॉर्ज ईस्टमन हाउस या नावाने ओळखली जायची. २०१५ मध्ये तिचं नाव जॉर्ज ईस्टमन म्युझियम झालं. त्याआधीच्या छपाईत 'हाउस' दिसेल, ऑनलाइन नोंदीत 'म्युझियम'. या दोन वेगळ्या संस्था आहेत असं समजून दोन वेगळ्या याद्या करणारे वाचक मला भेटले आहेत.

मग प्रस्तावना वाचा, पण एवढ्यापुरतीच : निवड कोणी केली, आणि प्रकरणं कशी लावली आहेत, कालक्रमाने, विषयाने की फोटोग्राफरच्या नावाने? हे कळल्याशिवाय अनुक्रमणिकेचा उपयोग होत नाही.

सावधान : नोंदी करताना नुसत्या पान क्रमांकावर विसंबू नका. अशी पुस्तकं वेगवेगळ्या आकारांत पुन्हा निघतात आणि पानं बदलतात. फोटोग्राफरचं नाव, शीर्षक आणि साल या तिन्ही गोष्टी लिहिल्यात तर कोणत्याही आवृत्तीत फोटो सापडतो.

टप्पा २ : फोटोओळ वाचा, अक्षर न् अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक फोटो उघडा, वरच्या चित्रावर कोरा कागद ठेवा आणि फक्त खालची ओळ वाचा. ओळ फोटोखाली नसेल तर मागच्या यादीत शोधा. त्यात सहसा सहा गोष्टी असतात : कर्ता, शीर्षक, साल, प्रक्रिया, आकार आणि फोटो कुठून आला ते. कधी सातवी गोष्टही असते, ती म्हणजे नोंद क्रमांक.

कर्त्यापासून सुरुवात करू. या संग्रहात १८४० च्या दशकातले काही फ्रेंच डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे फोटो, 'क्रोमर्स अमॅच्युअर' या नावाखाली आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, क्रोमर नावाचा कुणी हौशी फोटोग्राफर असावा. तसं नाही. फोटो कोणी काढले ते माहीत नाही. गाब्रिएल क्रोमर हे फ्रेंच संग्राहक. त्यांच्या संग्रहात त्या अनाम हौशी माणसाची कामं होती, म्हणून त्याला 'क्रोमरचा हौशी' असं ओळखीपुरतं नाव मिळालं. फोटोओळीतलं प्रत्येक नाव हे फोटो काढणाऱ्याचं नाव असतंच असं नाही, हे लक्षात ठेवायला हे एक उदाहरण पुरेसं आहे. 'यांचं मानलं जातं' अशा अर्थाचा शब्द असेल तर तोही जसाच्या तसा उतरवा. नोंदी करताना लोक तो शब्द गाळतात आणि शंकेची जागा खात्री घेते.

शीर्षक चौकटी कंसात असेल तर ते बहुधा सूचीकाराने दिलेलं असतं, फोटोग्राफरने नव्हे. त्यावरून फोटोग्राफरच्या मनात काय होतं याचे निष्कर्ष काढू नका.

सालाआधी 'सुमारे' असेल तर तुमच्या वहीतही 'सु.' हवंच. आणि साल कशाचं आहे ते विचारा : निगेटिव्हचं की प्रिंटचं? सुरुवातीला ज्या कामगाराचा उल्लेख केला, तो लुइस हाइन यांच्या १९२० च्या फोटोतला आहे. बिनबाह्यांचा बनियन घातलेला तरुण, हातात लांब पाना, वाफेच्या पंपाच्या गोल चौकटीसमोर तो इतका वाकलाय की त्याच्या पाठीची कमान आणि यंत्राची कमान एकच होऊन जातात. हाइन १९४० मध्ये वारले. त्यांचे प्रिंट आणि निगेटिव्ह आधी न्यूयॉर्कच्या फोटो लीग या फोटोग्राफरांच्या संस्थेकडे गेले आणि ती संस्था बंद झाल्यावर १९५० च्या दशकात रॉचेस्टरला आले. निगेटिव्ह शाबूत असली की नंतर कधीही नवा प्रिंट काढता येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाइन यांच्या हातचे म्हणून बाजारात विकले गेलेले काही प्रिंट तपासले, तेव्हा कागद जास्त पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं सापडली. ती रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागली. म्हणजे ते प्रिंट हाइन यांच्या हयातीतले असूच शकत नव्हते. फोटोओळीतलं '१९२०' बघून 'कागद १९२० चा' असं लिहायचं नाही, ते यासाठी.

प्रक्रिया आणि आकार पुढच्या दोन टप्प्यांत घेऊ. राहिलं फोटो कुठून आला ते. ही ओळ लोक हमखास सोडतात आणि मला मात्र सगळ्यात आवडते ती हीच. देणगी, खरेदी, मृत्युपत्राने मिळालेला ठेवा, 'पूर्वी अमक्याच्या संग्रहात' असे शब्द तिथे असतात. क्रोमर यांना फ्रान्समध्ये फोटोग्राफीचं राष्ट्रीय संग्रहालय हवं होतं. ते झालं नाही. १९३४ मध्ये ते वारले, १९३९ मध्ये रॉचेस्टरच्याच कोडक कंपनीने त्यांचा संग्रह विकत घेतला आणि तो अमेरिकेत गेला. एवढा प्रवास फोटोओळीत 'ईस्टमन कोडक कंपनीची देणगी, पूर्वी गाब्रिएल क्रोमर संग्रह' इतक्या शब्दांत मावतो. रॉचेस्टरमध्ये एवढे फ्रेंच डॅगेरोटाइप कसे, याचं उत्तर त्या ओळीत आहे.

तपासा : कोरा कागद अजून चित्रावरच आहे ना? आता वहीतल्या नोंदीवरून मनात त्या वस्तूचं चित्र उभं करा : केवढी, कशाची, कोणत्या रंगाची. मग कागद काढा. अंदाज आणि छपाई यांच्यात जिथे फरक पडला, तिथे पेन्सिलीने खूण करा.

टप्पा ३ : आकार मोजा आणि कापा

पुस्तकात सगळे फोटो जवळपास एकाच मापाचे होतात. तळहातावर मावणारा फोटो पानभर पसरतो आणि मोठा प्रिंट आक्रसतो. यावर उपाय एकच, वर्तमानपत्र आणि कात्री.

संग्रहालयं सहसा आधी उंची आणि मग रुंदी देतात. उलटं वाचलं तर उभा फोटो आडवा होतो. माप फक्त प्रतिमेचं आहे, कागदाचं आहे की खालच्या पुठ्ठ्यासकट, तेही बघा. माप इंचांत असेल तर २.५४ ने गुणा.

आता त्या मापाचा कागद कापा आणि भिंतीवर किंवा टेबलावर ठेवा. डॅगेरोटाइपच्या पूर्ण प्लेटचं ठरलेलं माप साडेसहा बाय साडेआठ इंच, म्हणजे सुमारे १६.५ बाय २१.६ सेंटिमीटर, वहीच्या पानाहून किंचित मोठं. पण लोक स्वतःचं पोर्ट्रेट काढून घ्यायचे ते बहुतेक वेळा 'सहावा हिस्सा' या मापात : सुमारे ७ बाय ८.३ सेंटिमीटर, जवळपास खेळायच्या पत्त्याएवढं. तो कागद कापून हातात घ्या. असा फोटो भिंतीवर टांगायचा नसतो, डबी उघडून एकट्याने बघायचा असतो, हे हाताला लगेच कळतं. पानभर छपाई बघून ते कधीच कळणार नाही.

घरचा जुना फोटो आता काढा आणि पुठ्ठ्यासकट मोजा. साधारण १०.८ बाय १६.५ सेंटिमीटर भरला तर ते कॅबिनेट कार्ड. त्याहून बराच लहान, ६.४ बाय १० च्या आसपास असेल तर कार्त द व्हिजीत. पॅरिसच्या दिस्देरी यांनी १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ते माप जगभरच्या स्टुडिओंत चाललं. ही दोन मापं हातात बसली की पुस्तकातले आकडे वाचताना अडत नाही.

टप्पा ४ : प्रक्रिया ओळखा, पण छपाईवर विश्वास ठेवू नका

भिंग घ्या आणि पानावरच्या कुठल्याही तपकिरी भागावर टेकवा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतील. तो तपकिरी रंग तिथे नाहीच, चार शाया मिळून तो दाखवत आहेत. आता तेच भिंग घरच्या जुन्या फोटोवर धरा, न टेकवता. तिथे ठिपके नाहीत. गालावरून मानेकडे जाणारी छटा सलग उतरते. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघाच. मग 'पुस्तकात रंग असा दिसतो' आणि 'फोटोचा रंग असा आहे' या दोन वाक्यांची तुमच्याकडून गल्लत होणार नाही.

फोटोओळीतलं प्रक्रियेचं नाव दिसलं की स्वतःला विचारा, छपाईत काय हरवलं?

डॅगेरोटाइप असेल तर जवळजवळ सगळंच हरवलं. तो चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या चकचकीत तांब्याच्या पत्र्यावर असतो. हातात तिरका केला की प्रतिमा उजळते, मग काळ्याचं पांढरं होऊन निगेटिव्हसारखी दिसते, मग तुमचाच चेहरा दिसतो. त्याला निगेटिव्ह नसते, त्यामुळे प्रत एकच. आणि समोरासमोर घेतलेला डॅगेरोटाइप आरशातल्यासारखा डावं-उजवं बदललेला असतो. तपासायला पुरुषाच्या कोटाची बटणं किंवा दुकानाची पाटी बघा. पाटी सरळ वाचता येत असेल तर फोटोग्राफरने उलटवणारा आरसा किंवा प्रिझम वापरलं असेल, नाहीतर पुस्तक छापताना प्रतिमा उलटवली असेल. कोणतं, ते पुढच्या टप्प्यात ऑनलाइन नोंदीशी जुळवून बघा.

अल्ब्युमिन प्रिंट १८५० पासूनचे, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावरचे. त्यांना तकाकी असते, आणि वयाबरोबर उजळ भाग पिवळसर होतात. पुस्तकात तो पिवळेपणा 'जुनेपणाचा रंग' म्हणून मोहक वाटतो. फोटोग्राफरने तो निवडलेला नव्हता. सॉल्ट प्रिंटमध्ये प्रतिमा कागदाच्या धाग्यांत मुरलेली असते, म्हणून ती मऊ दिसते. छपाई धूसर आहे असं समजू नका. प्लॅटिनम प्रिंट बिनचमकीचा, राखाडी छटांनी भरलेला असतो आणि चकचकीत कागदावर छापला की त्याचा जीवच जातो. सायनोटाइप निळा असतो, तो ओळखायला फोटोओळ लागत नाही.

ऑटोक्रोमसाठी मात्र थांबा. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेली ही रंगीत काचपट्टी. नारिंगी, हिरवे, जांभळे रंगवलेले बटाट्याच्या स्टार्चचे कण काचेवर पसरलेले असतात आणि मागून उजेड आला तरच चित्र उजळतं. पुस्तकात ती कागदावरच्या चित्रासारखी दिसते. तसं पान आलं की नोंदीत 'काच, आरपार उजेड' एवढं लिहाच.

टप्पा ५ : एकच वाट धरा

या संग्रहात चार लाखांहून जास्त फोटो आहेत. पुस्तकात त्यांचा अगदी छोटा हिस्सा येतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत या रीतीने जायचं ठरवलंत तर दहा दिवसांत कंटाळाल. बारा फोटो निवडा, जास्त नाहीत.

निवड मात्र 'आवडले म्हणून' नको. एक धागा पकडा : एकच प्रक्रिया, एकच देणगीदार, किंवा एकच विषय, समजा काम करणारे हात. नवख्याला माझा सल्ला देणगीदाराचा धागा धरण्याचा. क्रोमर संग्रहातून आलेले सगळे फोटो यादीतून वेचून काढा. एका माणसाची नजर कशी होती ते हळूहळू दिसायला लागतं. आठवड्याला तीन फोटो, म्हणजे महिन्याला बारा. मग दुसरा धागा.

टप्पा ६ : ऑनलाइन नोंदीशी ताडून बघा

संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर संग्रह शोधायची सोय आहे. तिथेच जा. नुसत्या चित्र-शोधात मिळणारे फोटो कडा कापलेले, रंग चढवलेले, कधी उलटवलेले असतात.

शोधताना आधी फोटोग्राफरचं आडनाव, पुस्तकात छापलंय त्याच स्पेलिंगने. निकाल फार आले तर साल आणि प्रक्रियेने गाळा. नोंद सापडली की चार गोष्टी जुळवा : कडा पूर्ण आहेत का, डावं-उजवं तेच आहे का, प्रिंटचं साल वेगळं दिलंय का, आणि त्याच विषयाचे आणखी प्रिंट आहेत का. पाना घेतलेल्या कामगाराचे हाइन यांनी एकापेक्षा जास्त फोटो घेतले होते. पुस्तकातला कोणता, हे नोंद क्रमांकावरूनच ठरतं.

नोंद क्रमांकाचे पहिले आकडे बहुतेक संग्रहालयांत नोंदणीचं साल सांगतात. ते फोटोचं साल नव्हे, आणि वस्तू आली त्याच वर्षी नोंदली गेली असंही गृहीत धरू नका.

सावधान : ऑनलाइन सापडलं नाही म्हणजे संग्रहात नाही, असा अर्थ होत नाही. आणि सापडलेलं चित्र स्वतःच्या लेखात, पुस्तकात छापायचं असेल तर आधी संग्रहालयाच्या परवानगीचे नियम वाचा.

टप्पा ७ : काय नाही, तेही लिहा

पुस्तकाच्या नावात 'फोटोग्राफीचा इतिहास' असं असलं तरी तो एका संस्थेकडे असलेल्या वस्तूंमधून दिसणारा इतिहास आहे. निर्देशसूची उघडा आणि आपल्याकडची नावं शोधा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले मुंबईचे फोटोग्राफर. लाला दीनदयाळ यांचं नाव बघा. जे सापडेल ते आणि जे सापडणार नाही ते, दोन्ही वहीत लिहा. नाव नसलं म्हणून 'तेव्हा इथे कोणी फोटो काढत नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका. एवढंच लिहा, की या संग्राहकांच्या हाती ते आलं नाही किंवा निवडीत बसलं नाही.

नोंद कशी दिसायला हवी

हाइन यांच्या फोटोसाठीची माझ्या वहीतली नोंद अशी आहे :

कर्ता : लुइस हाइन. विषय : पॉवरहाउसमधला मेकॅनिक, वाफेच्या पंपाशी. निगेटिव्ह : १९२०. प्रिंट : माहीत नाही. प्रक्रिया : जिलेटिन सिल्व्हर (नेहमीचा काळा-पांढरा प्रिंट). वाट : फोटो लीगमार्फत. छपाईत हरवलेलं : काळ्यातल्या छटा. अडलेला प्रश्न : हा प्रिंट हाइन यांनी स्वतः काढलेला आहे का?

एक जागा रिकामी राहिली तर राहू द्या, अंदाजाने भरू नका. बारा नोंदी झाल्यावर रिकाम्या जागा एकत्र बघा. त्यातला जो प्रश्न ऑनलाइन नोंदीतूनही सुटला नाही, तो संग्रहालयाला ईमेलने विचारता येतो. ईमेलमध्ये प्रश्न एकच ठेवा, आणि वस्तूचा नोंद क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा.